तुडतुड्यांची जात दरवेळी वेगळीच निघतेय? आधी हे तपासा

तक्रार नेहमीचीच आहे. एकाच झाडावरचे, एकाच वेळी जाळ्यात आलेले तुडतुडे, वरून बघितले तर सगळे सारखे, पण आयडेंटिफिकेशन की (म्हणजे एकेक लक्षणाचे फाटे निवडत जातीपर्यंत पोचायचा तक्ता) घेऊन बसलं तर अर्धे एका जातीत जातात, थोडे दुसऱ्या जातीत, आणि उरलेले मधेच कुठेतरी अडकतात कारण "ठिपका मोठा" आणि "ठिपका लहान" यातलं आपल्याकडचं नेमकं कुठलं तेच ठरत नाही. दुसऱ्या दिवशी तेच नमुने परत काढले तर उत्तर परत वेगळं. मग लोक दुसरी की शोधतात, जुन्या पेपरमधल्या आकृत्या धुंडाळतात, आणि काही जण तर थेट नवीन जात सापडली म्हणून खूश होतात. थांबा जरा. बहुतेक वेळा घोळ कीमध्ये नसतोच, तो नमुन्यात असतो नाहीतर तुम्ही तो कुठल्या बाजूने बघताय त्यात असतो.

सगळ्यात आधी, तुडतुडाच आहे ना हे बघून घ्या, हसू नका, हे पण होतं. मागच्या पायाची टिबिया, म्हणजे नडगी, बघा, लांबच्या लांब काट्यांच्या रांगा दिसल्या तर सिकाडेलिडी, म्हणजे आपला तुडतुडा. टिबियाच्या टोकाला एक मोठा हलणारा काटा लोंबत असेल तर ते डेल्फासिडी, भातावरचे तपकिरी तुडतुडे म्हणतात ते, वेगळं कुटुंब, त्यांची की वेगळी. टिबियावर एक-दोनच जाड काटे आणि टोकाला काट्यांचा मुकुट असेल तर ते थुंकी-किडे. एवढं दहा सेकंदात होतं, पुढे चला.

आता नर की मादी. हा प्रश्न न विचारताच लोक की सुरू करतात आणि तिथेच अर्धा वेळ वाया जातो, कारण जवळच्या जाती वेगळ्या करणाऱ्या जवळपास सगळ्या की नरांसाठी लिहिलेल्या असतात. किडा उलटा करा, पोटाचं टोक खालून बघा. मादीला मधोमध लांब अंडनलिकेची रेघ दिसते, दोन्ही बाजूंनी पायगोफरने, म्हणजे टोकाच्या बाहेरच्या आवरणाने, झाकलेली, तिच्या मुळाशी सातव्या खंडाची खालची पट्टी. नराला तिथे दोन चपट्या पाकळ्या दिसतात, त्या सबजेनायटल प्लेट, आणि त्यांच्या मुळाशी एक छोटी त्रिकोणी झडप. पिल्लं असतील, म्हणजे पंखांच्या जागी नुसते पंखकोष असतील, तर त्यांच्यावर जातीची की लावूच नका. तुडतुड्याची पिल्लं पाच अवस्थांतून जातात आणि त्यातल्या कुठल्याच अवस्थेत जननांग पूर्ण झालेलं नसतं, त्यामुळे वाढवून प्रौढ करा नाहीतर वंशाच्या पातळीवर सोडून द्या.

रंगाबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त भांडण इथेच. रंग पूर्ण फालतू आहे असं म्हणणारे पण असतात, ते मला पटत नाही. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यांचा वंश घ्या, नेफोटेटिक्स. नेफोटेटिक्स व्हायरेसेन्स आणि नेफोटेटिक्स निग्रोपिक्टस हे दोन्ही हिरवे, साधारण 4 ते 5 मिमी, दोघांच्या नरांच्या पंखांची टोकं काळी आणि पंखाच्या मधे काळा ठिपका. निग्रोपिक्टसला माथ्याच्या पुढच्या कडेला समांतर असा काळा पट्टा असतो आणि प्रोनोटमची, म्हणजे डोक्यामागच्या पाठीच्या ढालीची, पुढची कडा पण काळी असते. व्हायरेसेन्सचा माथा स्वच्छ, पट्टा नाही. पंखावरचा ठिपका निग्रोपिक्टसमध्ये आतल्या तिरक्या शिवणीपर्यंत, म्हणजे क्लेव्हल सुचरपर्यंत पोचतो, व्हायरेसेन्समध्ये तो शिवणीला टेकत नाही. ऐकायला एकदम सोपं. आणि फरक महत्त्वाचा पण आहे, कारण भाताच्या टुंग्रो रोगाचा मुख्य वाहक व्हायरेसेन्स आहे, चुकीची जात लिहिली तर पुढचं सगळं गणित चुकतं.

पण आता मादी घ्या. तिच्या पंखाचं टोक काळं नसून फिकट तपकिरी असतं आणि मधला ठिपका बऱ्याचदा गायबच असतो. नरांमध्येसुद्धा ठिपक्याचा आकार कमी-जास्त होतो. म्हणजे फक्त ठिपक्यावर ठरवलं तर निग्रोपिक्टसची ठिपका नसलेली मादी तुम्ही हमखास व्हायरेसेन्समध्ये टाकणार. इथे ठिपका सोडा आणि माथ्याचा पट्टा धरा, तो जास्त भरवशाचा. आणि पट्टा दिसला म्हणून लगेच निग्रोपिक्टस लिहून मोकळं पण होऊ नका, नेफोटेटिक्स सिंक्टिसेप्सला पण माथ्यावर पट्टा असतो. शंका राहिली तर नर उघडा, या वंशात एडीगसच्या, म्हणजे नराच्या शिश्नाच्या, दांड्यावरच्या काट्यांची संख्या आणि जागा जातीनुसार बदलते, तिथे निकाल लागतो.

याच वंशात अजून एक गोंधळ होतो तो नावांचा. जुन्या पेपरमध्ये नेफोटेटिक्स इम्पिक्टिसेप्स दिसेल, तो म्हणजे आताचा व्हायरेसेन्स, आणि नेफोटेटिक्स एपिकॅलिस म्हणून जे लिहिलंय ते निग्रोपिक्टस. कीटकतज्ज्ञ घौरी यांनी 1971 मध्ये या वंशाची मूळ टाइप नमुन्यांवरून (ज्यांवरून जातींना नावं दिली गेली ते नमुने) फेरतपासणी केली, त्याच्या आधीच्या आकृत्या वापरत असाल तर नावं जुळवून घ्या, नाहीतर दोन बरोबर उत्तरं तुम्हाला दोन वेगळ्या जाती वाटतील.

हिरव्या रंगाचं अजून एक, नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की हिरवा उतरतो आणि पिवळट होतो. त्यामुळे कीमध्ये "शरीर हिरवं" विरुद्ध "शरीर पिवळं" असा फाटा आला आणि तुमचे नमुने बाटलीतले असतील तर तो फाटा तुमच्यासाठी नाहीच असं समजा, दोन्ही बाजूंनी पुढे जाऊन बघा.

आता मुख्य काम, नर उघडणं. इथे जी चूक सगळ्यात जास्त दिसते ती म्हणजे पोटाचं फक्त टोक तोडणं. घाई असते, एडीगस तर टोकालाच असतो, मग सगळं पोट कशाला काढायचं असं वाटतं. एम्पोआस्का हा तुडतुड्यांचा वंश आणि त्याच्या नातलगांमध्ये हे केलंत तर फसलात. हे सगळे 3 मिमीच्या आसपासचे, फिके हिरवे, अंगावर धड खूण नाही, आणि बऱ्याच जातींमध्ये एडीगस पण साधाच, नुसती नळी. तिथे बघायचं असतं ते पोटाच्या मुळाशी असलेल्या अपोडीमकडे. दुसऱ्या खंडाच्या खालच्या पट्टीतून आत मागच्या बाजूला बोटांसारख्या दोन पाकळ्या निघतात, त्या किती लांब आहेत, कितव्या खंडापर्यंत पोचतात, टोकं गोल की निमुळती, एकमेकांपासून लांब की जवळ, यावर जाती वेगळ्या होतात. टोक तोडून मुळाचा भाग सुकलेल्या किड्यावरच ठेवलात तर ही माहिती गेली. म्हणून पोट छातीला जिथे जोडलंय तिथूनच आख्खं सोडवा. नमुना सुकलेला असेल तर आधी ओलसर डबीत ठेवून मऊ करा, मग बारीक सुईने बाजूने हलकेच दाबलं की पोट निघून येतं, पंख जाग्यावर राहतात.

पोट निघालं की 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका. किती वेळ याचं ठरलेलं उत्तर नाही, साध्या तापमानाला रात्रभर ठेवतात, गरम केलं तर काही मिनिटांत काम होतं, आणि हे 3 मिमीचे नाजूक प्रकार तर बघता बघता होतात. घड्याळाकडे बघू नका, पोटाकडे बघा. आतलं मऊ मांस विरघळून कातडं स्वच्छ दिसायला लागलं की काढायचं. जास्त उकळलं तर सगळं काचेसारखं पारदर्शक होतं आणि नेमक्या त्या अपोडीमच्या पातळ पाकळ्या दिसेनाशा होतात, मग लोक "अपोडीम नाहीत" असं लिहून वेगळ्याच जातीत पोचतात. असं झालंच तर नमुना फेकू नका, क्लोराझोल ब्लॅक या रंगाच्या अगदी पातळ द्रावणात थोडा वेळ ठेवा, पातळ पडदे रंग धरतात आणि कडा परत दिसतात. हायड्रॉक्साइडनंतर पाण्याने नीट धुवायचं, पाण्यात ॲसिटिक ॲसिडचा एखादा थेंब चालतो, आणि मग ग्लिसरीनमध्ये. आणि हो, हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं, गरम करताना तोंड वरून नेऊन बघत बसू नका.

ग्लिसरीनमध्ये गेल्यावर लगेच तोडफोड करू नका. आधी जसं आहे तसं बघा आणि लिहून काढा. पायगोफरच्या मागच्या कडेला काटा किंवा शेंडा आहे का, वर वळलाय की खाली. सबजेनायटल प्लेटवरचे जाड केस एका रांगेत आहेत की विस्कटलेले. गुदनलिकेच्या मुळाशी आकडे, म्हणजे हुक, आहेत का, एम्पोआस्काच्या गटात ते आकडे फार कामाचे. हे सगळं बघून झालं की मग प्लेट बाजूला करा, आत स्टाइलची, म्हणजे दांडीसारख्या दोन अवयवांची, जोडी आणि त्यांना एडीगसशी जोडणारा कनेक्टिव्ह दिसेल, कुठे वाय आकाराचा कुठे लांबट. डेल्टोसेफॅलस आणि त्याच्या जवळच्या वंशांमध्ये कनेक्टिव्ह आणि एडीगस एकमेकांत जुळून एकच झालेले असतात. तिथे सांधा सुटत नाही म्हणून ओढू नका, तिथे सांधा नाहीच.

आता एडीगस, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण "माझा नमुना आकृतीशी जुळत नाही" या तक्रारीचं कारण नव्वद टक्के इथेच असतं असं मला वाटतं, टक्के मोजलेले नाहीत, बोलायची पद्धत. एडीगस ही वाकलेली, बाजूंना काटे फुटलेली त्रिमितीय वस्तू आहे. आकृती छापताना ती बाजूने एकदा आणि मागून एकदा काढतात. तुम्ही स्लाइडवर ठेवलं की ती तिच्या मर्जीने आडवी होते, आणि तुम्हाला दिसतं ते बाजूचं पण नाही आणि मागचं पण नाही, मधलंच काहीतरी. टोकाला दोन काटे असतील तर एकामागे एक लपून एकच दिसतो. दांडा वळलेला असेल तर वळण सपाट दिसतं. चमचा कडेने बघितला तर तो पण सुईसारखा दिसतो, तसलं आहे हे. त्यामुळे सपाट स्लाइडवर कव्हर ग्लास दाबून बघणं बंद करा, कव्हरने दाबलं की काटे बाहेर पसरतात आणि कोन बदलतो. कॅव्हिटी स्लाइडमध्ये, म्हणजे मधे खळगा असलेल्या स्लाइडमध्ये, घट्ट काहीतरी घ्या, ग्लिसरीन जेली, नाहीतर साधं हात धुवायचं अल्कोहोल जेल पण चालतं, त्यात एडीगस हव्या त्या कोनात उभा राहतो. जेल वापरलं तर काम झाल्यावर धुवून परत ग्लिसरीनमध्ये टाका, जेलमध्ये सुकू देऊ नका.

कोन बरोबर आहे हे कसं कळणार? बाजूने बघताना डावी आणि उजवी कडा एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत, म्हणजे मुळाजवळचे दोन्हीकडचे फाटे एकच रेघ दिसतात. मागून बघताना उलट, दोन्ही बाजू सारख्या रुंदीच्या दिसायला हव्यात. एक बाजू जाड एक बारीक दिसली तर आधी सुईने फिरवा, मग ठरवा. फिरवूनही असमानच राहिलं तर मात्र नोंद करा, कारण काही वंशांमध्ये एडीगस खरोखरच असमान असतो. आणि लहान जातींसाठी स्टिरिओ मायक्रोस्कोपवर समाधान मानू नका, स्टिरिओवर तोडफोड करा पण बघायला कंपाउंड मायक्रोस्कोप घ्या, 100 पटीपासून वर जा. काट्यावरचे बारीक दाते स्टिरिओवर दिसतच नाहीत आणि मग "गुळगुळीत" असा फाटा निवडला जातो.

हे सगळं नीट केलं, कोन बरोबर आला, तरी जुळत नाही. मग नमुन्यावर संशय घ्यायची वेळ.

पहिला संशय, नुकतीच कात टाकलेला नर. अंग फिकट, पोट मऊ, आणि एडीगस पांढुरका व लवचिक. हायड्रॉक्साइडमध्ये तो आक्रसतो, वाकतो, काटे सरळ राहत नाहीत. त्यावर जात ठरवू नका. जिवंत पकडत असाल तर एखादा दिवस झाडाच्या डहाळीवर ठेवून कडक होऊ द्या.

दुसरा संशय, परजीवी. हे फार लोक तपासत नाहीत. ड्रायनिड गांधीलमाश्यांच्या अळ्या तुडतुड्याच्या पोटाच्या बाजूला पिशवीसारख्या लोंबतात, पिपनक्युलिड माशीची अळी पोटात आत असते आणि पोट फुगलेलं दिसतं, स्ट्रेप्सिप्टेरा हा परजीवी कीटक असेल तर खंडांच्या मधून छोटं तपकिरी डोकं बाहेर आलेलं असतं. अशा नरांची जननांगं खुजी राहू शकतात. एडीगस लहान, काटे आखूड किंवा नाहीतच. आल्फ्रेड जियार्ड यांनी 1889 मध्ये टायफ्लोसायबा वंशातल्या तुडतुड्यांमध्ये हे दाखवलं होतं, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही, तरी आजही असा एखादा खुजा नर "नवीन जात" म्हणून उत्साहाने फिरत असतो. हायड्रॉक्साइडमध्ये टाकायच्या आधी पोट उजेडात धरून बघा, कारण एकदा विरघळलं की पुरावा गेला.

तिसरा संशय ऋतूचा, आणि हा सगळ्यात भारी. एडीगस म्हणजे अंतिम सत्य असं शिकवलं जातं ना, युस्केलिस वंशाने त्याला सुरुंग लावला. कीटकतज्ज्ञ एच. जे. म्यूलर यांनी 1950 च्या दशकात दाखवलं की पिल्लं वाढत असताना दिवस किती मोठा आहे यावर प्रौढ नराच्या एडीगसचा आकार ठरतो, इतका की युस्केलिस इन्सायसस आणि युस्केलिस प्लेबेजस अशा दोन जाती म्हणून ओळखले जाणारे तुडतुडे हे एकाच जातीचे वेगवेगळ्या ऋतूतले रूप निघाले. म्हणून नमुन्याच्या लेबलवर गोळा केल्याची तारीख नसेल तर एडीगसची रुंदी मोजून काही सिद्ध होत नाही. ज्या गटात वर्षाला एकापेक्षा जास्त पिढ्या होतात तिथे फरक फक्त मापाचा असेल तर सावध राहा, रचनेचा असेल, म्हणजे काटा आहे किंवा नाही, फाटा आहे किंवा नाही, तर त्याचं वजन जास्त.

मादीचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. सातव्या खंडाच्या खालच्या पट्टीची मागची कडा बघा, सरळ, खाच असलेली, मधे जीभ बाहेर आलेली, यावर काही वंशांमध्ये बरंच कळतं. अंडनलिकेच्या आतल्या पात्यांवरचे दाते पण उपयोगी, पण त्याला परत उघडावं लागतं आणि तुलनेला आकृत्या कमी मिळतात. यापेक्षा सोपा आणि मला जास्त आवडणारा उपाय म्हणजे एकच मादी वेगळी ठेवून तिची पिल्लं वाढवणं, तिचे मुलगे उघडले की आईची जात कळते. जोडीने सापडलेले नर-मादी एकाच पिनवर ठेवणं हा पण चांगला पुरावा, पूर्ण नाही पण चांगला. नुसती मादी हातात आहे, त्याच झाडावर दोन जाती नांदतात हे माहीत आहे, आणि कीमध्ये मादीची ओळच नाही, तर वंश लिहून थांबा. तक्ता पूर्ण दिसावा म्हणून जास्त संख्येच्या नराची जात मादीला चिकटवायची सवय मला अजिबात पटत नाही.

आणि काही गट असे आहेत की तिथे शरीररचना एका मर्यादेनंतर हात टेकते. युरोपातल्या ॲफ्रोडीस वंशात मकारोव्ही, बायसिंक्टा, डिमिन्युटा आणि एस्टुअरिना अशा चार जाती आहेत, एडीगसच्या दांड्यावर काट्यांच्या जोड्या कुठे बसल्यात त्यावरून त्या वेगळ्या करायचा प्रयत्न होतो, पण मापं एकमेकांत घुसतात. तिथे खरी मदत झाली ती नरांच्या गाण्याची. तुडतुडे झाडाच्या देठातून कंपनं पाठवून एकमेकांना हाका मारतात, आपल्या कानाला ऐकू येत नाहीत, आणि या हाका जातीनुसार ठळक वेगळ्या असतात, पुढे डीएनए बारकोडिंगनेही, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून जात ओळखायच्या पद्धतीनेही, तेच गट दिसले. बर्चवरच्या ऑन्कॉप्सिस फ्लाव्हिकॉलिसच्या बाबतीत पण तसंच, एकच समजली जाणारी जात हाका आणि यजमान झाड बघितल्यावर जातींचा गट निघाली. त्यामुळे दहा नर उघडून काटे मोजले आणि दोन ढीग पडायच्या ऐवजी सलग रांगच तयार झाली, तर अजून दहा उघडून फार काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक नर कुठल्या झाडावरून आला ते तपासा, आणि सोय असेल तर एक पाय डीएनएसाठी बाजूला काढा. पाय काढताना मागचा नको, टिबियावरच्या काट्यांची मांडणी ओळखीला लागते, मधला काढा.

कोणाकडून खात्री करून घ्यायची असेल तर त्यांना फक्त वरून काढलेला सुंदर फोटो पाठवू नका, त्याचा काही उपयोग नाही. नर आहे हे दिसेल असा खालचा फोटो, चेहरा, माथा व प्रोनोटम वरून, मग एडीगस बाजूने आणि मागून, पायगोफर बाजूने, एक प्लेट, कनेक्टिव्ह व स्टाइल, एम्पोआस्का-छाप असेल तर अपोडीम, सगळ्यावर स्केल बार. सोबत झाडाचं नाव आणि तारीख. एकाच नमुन्याचे सगळे फोटो द्या, एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा एडीगस असं मिसळलंत तर समोरचा माणूस तुमचाच घोळ तुम्हाला परत पाठवेल. उघडलेले तुकडे ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत घालून कुपी त्याच नमुन्याच्या पिनवर खाली टोचा, वेगळ्या डब्यात ठेवू नका. आणि कुपीवर व किड्याच्या लेबलवर एकच नंबर टाका, पेन्सिलने किंवा न विरघळणाऱ्या शाईने, कारण साध्या बॉलपेनचं लिखाण अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी पसरतं.